सौंदत्तीच्या माळावर पवनचक्की कशी बघायची

"सगळे पंखे बंद पडलेत बघा. पैसा गेला वाऱ्यावर!"

मार्गशीर्ष पौर्णिमेला यल्लम्माच्या डोंगराकडं निघालेल्या ट्रॅक्समध्ये हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की आता त्याचं हसूही येत नाही. निपाणी, चिकोडी, खानापूर, कोल्हापूर, सगळीकडची माणसं भंडारा उधळायला येतात ती मार्गशीर्षात, नाहीतर माघात. नेमक्या त्याच दिवसांत वारा पडलेला असतो. म्हणजे आपल्या निम्म्याअधिक मराठी माणसांनी पवनचक्की पाहिलीय ती तिच्या झोपेच्या वेळी.

मी बेळगावच्या उद्यमबागेत मोटारी रिवाइंड करतो. मधली चार वर्षं सौंदत्तीकडच्या पवनचक्क्यांच्या एका साईटवर इलेक्ट्रिशियन म्हणून काढली. भाच्याचं आयटीआय झालं आणि त्याला तसल्याच एका साईटवरून बोलावणं आलं, तेव्हा आषाढात एक दिवस त्याला गाडीवर मागं बसवून नेलं आणि रस्त्याकडेला उभं करून सगळं दाखवलं. तेच इथं क्रमानं लिहितोय. आत जायचं नाही, शिडी चढायची नाही. सेकंद मोजायला मोबाईल, एक कागद-पेन आणि कानटोपी एवढं सामान पुरे. कानटोपी चेष्टेत घेऊ नका.

कधी जायचं, कुठं उभं राहायचं

मृग निघाल्यापासून श्रावण संपेपर्यंत कधीही जा. जून ते ऑगस्ट हा इथला वाऱ्याचा सुगीचा काळ. नैऋत्य मोसमी वारा घाट चढून येतो, पाऊस बहुतेक खानापूर-कणकुंबीकडं टाकून देतो आणि हलका होऊन पुढं सौंदत्तीच्या उघड्या माळावर सुटतो. खानापूरला वारा कमी असतो असं नाही, पण तिथं जंगल आणि डोंगराच्या आडव्यातिडव्या सोंडा. झाडोऱ्यात वारा गुरफटतो, भोवरे घेतो. पंख्याला भोवरा नको, सलग वाहणारा वारा पाहिजे. सौंदत्तीकडं माळ मोकळा, झाड खुजं, डोंगराचा माथा सपाट.

बेळगावहून नेसरगी, यरगट्टी करत जा, किंवा बैलहोंगलवरून. डोंगरावर पंखे दिसायला लागले की त्यातला रस्त्याजवळचा एक निवडा आणि त्याच्यापासून दोन-तीनशे मीटरवर थांबा. अगदी बुडाशी जाऊन मान वर करण्यात अर्थ नाही, तिथून काहीच नीट दिसत नाही आणि वरून कधी काय पडेल सांगता येत नाही. विजा चमकत असतील तर मुळीच जाऊ नका. माळावरची सगळ्यात उंच वस्तू तीच असते.

बुडाशी कुंपणात ट्रान्सफॉर्मर असतो आणि त्यावर कवटीचं चित्र घातलेली पाटी: 'अपाय'. कन्नडमध्ये अपाय म्हणजे धोका, मराठीत अपाय म्हणजे इजा. इथं दोन्ही अर्थ बरोबर आहेत. वॉचमन आला तर "नोडाक बंदेव्री" म्हणायचं, बघायला आलोय. बहुतेक वेळा तोच हौसेनं माहिती द्यायला लागतो.

आधी वारा, मग यंत्र

डोळे मिटून तोंड वाऱ्याकडं करा. दोन्ही कानांत सारखाच आवाज आला की समजायचं, वारा समोरून येतोय. आता डोळे उघडून पंख्याकडं बघा. त्याचंही तोंड तिकडंच असेल. त्याच्या मागच्या पेटीच्या टपावर वाऱ्याची दिशा दाखवणारं एक छोटं सुकाणू आणि वेग मोजणारं यंत्र असतं. त्यावरून ती पेटी, जिला साईटवर नॅसेल म्हणतात, मोटारींच्या जोरावर टॉवरवर सावकाश वळत राहते. या वळण्याला 'यॉ' म्हणतात. सगळे पंखे एकाच दिशेला बघतात ते कुणी लावून ठेवलेत म्हणून नव्हे.

आता वाऱ्याच्या ताकदीचं गणित. ते समजलं की बाकीचं सगळं सोपं जातं. खळ्यावर उफणणी पाहिलेल्या माणसाला ते अंगानं माहीत असतं: हलक्या झुळकीत सूप कितीही हलवा, भूस तिथंच पडतं. वारा जरा चढला की तेच भूस चार हात लांब जातं, आणि आणखी चढला की दाणेसुद्धा उडायला लागतात. वाऱ्यातली शक्ती वेगाच्या घनानं वाढते. वेग दुप्पट झाला की शक्ती दोनपट नाही, चारपट नाही, आठपट.

एक बऱ्यापैकी मोठा पंखा धरू, १२० मीटर व्यासाचा, २.१ मेगावॉटचा. ताशी १४ किलोमीटर वाऱ्याला तो साधारण दीडशे किलोवॉट देईल. ताशी २९ किलोमीटरला बाराशेच्या आसपास. आपल्या अंगाला या दोन वाऱ्यांतला फरक म्हणजे शर्ट फडफडतो की नाही एवढाच.

टॉवर एवढे उंच का, त्याचं उत्तरही यातच आहे. जमिनीलगत वारा घासतो, वर मोकळा होतो. पतंग उडवणाऱ्या पोरालाही हे ठाऊक असतं, की सुरुवातीला मांजा ओढून ओढून हात भरून येतात आणि एकदा वर गेला की पतंग आपला आपण उभा राहतो. उघड्या माळावर १० मीटर उंचीवर जो वेग असतो, त्याच्या सुमारे १.४ पट १०० मीटरवर मिळतो. घन केला की शक्ती २.७ पट. नव्वद-शंभर मीटरच्या लोखंडाचा खर्च त्यातून निघतो.

पाती मोजा

आता मोबाईल काढा. तीस सेकंदांत टॉवरसमोरून किती पाती खाली जातात ते मोजा. समजा एकवीस. म्हणजे मिनिटाला बेचाळीस, पाती तीन, म्हणजे मिनिटाला चौदा फेरे. भाचा लगेच म्हणाला, "मामा, हे तर एकदम सावकाश फिरतंय. आपला छताचा पंखा बरा."

त्याला कागदावर करायला लावलं. पात्याची लांबी साठ मीटर धरली तर त्याचं टोक एका फेऱ्यात ३७७ मीटर जातं. गुणिले चौदा, भागिले साठ. सेकंदाला ८८ मीटर. ताशी सव्वातीनशे किलोमीटरच्या घरात! पोरगं गप्प झालं. तुम्हीही तोंडानं ऐकण्यापेक्षा हे कागदावर करा. थोडं जवळ असाल तर त्या टोकाचा 'हूऽश हूऽश' आवाज ऐकू येतो. तो उगीच नाही.

अजून एक हिशेब. हे वर्तुळ सुमारे ११,३०० चौरस मीटरचं असतं. आपल्या भाषेत दोन एकर ३२ गुंठे. एवढं शेत हवेत उभं केलंय आणि त्यातून जाणारा वारा हे त्याचं पीक. व्यास दुप्पट केला की क्षेत्र चौपट, म्हणून जुने पंखे छोटे आणि नवे पंखे अवाढव्य. १९८६ साली रत्नागिरी, ओखा अशा किनाऱ्यांवर देशातले पहिले वाऱ्याचे प्रकल्प उभे राहिले तेव्हा एकेक यंत्र ५५ किलोवॉटचं होतं.

पातं फिरतं कशानं

वारा पात्याला ढकलतो आणि पातं फिरतं, असं बहुतेकांना वाटतं. जत्रेतलं कागदी भिरभिरं तसं फिरतं, हे नाही. पात्याचा छेद विमानाच्या पंखासारखा आहे, एका बाजूनं फुगीर. त्यावरून हवा वाहताना दोन बाजूंच्या दाबात फरक पडतो आणि पातं एका बाजूला ओढलं जातं. ही ओढ वाऱ्याला जवळपास आडवी असते. म्हणूनच पात्याचं टोक वाऱ्यापेक्षा सात-आठ पट जोरात पळू शकतं. नुसतं ढकलण्यावर काम असतं तर ते वाऱ्यापेक्षा जोरात कधीच गेलं नसतं.

दुर्बीण असेल तर पात्याला दिलेला पीळ बघा. बुडाशी ते जास्त कललेलं, टोकाला जवळजवळ सपाट. टोक जोरात पळत असल्यामुळं त्याला वारा समोरून लागतो, बुडाला बाजूनं. प्रत्येक जागी हवा योग्य कोनात लागावी म्हणून हा पीळ.

वाऱ्यातली सगळी शक्ती का काढून घेत नाहीत, हा प्रश्न भाच्यानं विचारला आणि मला यल्लम्माच्या देवळातली रांग आठवली. गाभाऱ्यासमोर प्रत्येकजण मनसोक्त उभा राहिला तर रांग तुंबते, मागच्याला दर्शनच नाही. म्हणून सेवेकरी ओरडत असतो, पुढं चला, पुढं चला. वाऱ्याचं तसंच. पात्यांनी हवेची सगळी गती काढून घेतली तर ती हवा मागं थिजून उभी राहील आणि नवी हवा आत येणार नाही. थोडं घ्यायचं, बाकीचं पुढं जाऊ द्यायचं. जास्तीत जास्त किती घेता येईल याचा हिशेब आल्बर्ट बेट्झ या जर्मन शास्त्रज्ञानं १९१९ मध्ये मांडला: ५९.३ टक्के. त्याच्या वर कुठलाही पंखा जाऊ शकत नाही. चांगली यंत्रं चाळीस-पंचेचाळीसपर्यंत पोचतात. कुणी नव्वद टक्केवाला पंखा विकायला आला तर चहा पाजून वाटेला लावा.

पेटीच्या आत

इथं मात्र मी रेंगाळणार, कारण हा माझा धंदा.

जुन्या सायकलला चाकाला घासणारा बाटलीसारखा डायनामो असायचा, आठवतो का? त्यात एक चुंबक आणि तांब्याची गुंडाळी. चुंबक फिरलं की गुंडाळीत वीज. फॅरेडेनं १८३१ मध्ये शोधलेली गोष्ट तीच आणि या शंभर मीटरवरच्या पेटीतलीही तीच. पण डायनामोची खरी शिकवण वेगळी आहे: दिवा लागला की पायडल जड व्हायचं. वीज फुकट निघत नाही, जेवढी काढाल तेवढा जनरेटर फिरणाऱ्याला मागं ओढतो. पवनचक्कीत फिरणारा म्हणजे पाती. जनरेटर त्यांना सतत ओढून धरतो, म्हणूनच ती चौदा फेऱ्यांत राहतात. हे डोक्यात ठेवा, पुढं लागणार आहे.

आपल्या ग्रिडचा, म्हणजे विजेच्या मोठ्या जाळ्याचा, ठेका सेकंदाला पन्नास; वीज सेकंदाला पन्नास वेळा मागंपुढं होते. चार पोलच्या (चुंबकाच्या टोकांच्या) जनरेटरला त्यासाठी मिनिटाला सुमारे १५०० फेरे पाहिजेत, आणि पाती देतात चौदा. मध्ये गिअरबॉक्स बसतो, एकास शंभरच्या थोडा वर. पात्यांकडून येणारी सावकाश पण अफाट जोराची फिरकी घ्यायची आणि बारीक, चपळ करून जनरेटरला द्यायची. पेटीतला सगळ्यात अवघड, दुरुस्तीला सगळ्यात महाग भाग हाच.

पण वारा तर कमीजास्त होणार, फेरेही कमीजास्त होणार, मग पन्नासचा ठेका कसा राखायचा? आपल्याकडच्या बऱ्याच यंत्रांत जनरेटरच्या फिरणाऱ्या गुंडाळीलाही बाहेरून वीज देतात, फिरत्या कड्या (स्लिप रिंग) आणि त्यांना घासणारे कार्बन ब्रश यांच्यामधून. फेरे जेवढे चुकतात तेवढी भरपाई ही वीज करते आणि बाहेर पडणारा ठेका पन्नासच राहतो. ब्रश झिजतात, त्यांची काळी पूड साचते, ती नियमानं साफ करावी लागते. पहिल्याच पावसाळ्यात मी घाईत ती अर्धवट पुसून खाली आलो. संध्याकाळी मशीन ट्रिप, म्हणजे आपोआप बंद. दुसऱ्या दिवशी सकाळी तीच शिडी पुन्हा पायाखाली, अंगात हार्नेस, खिशात फडकं, आणि खालून सुपरवायझरचा कन्नड प्रसाद. नव्यानं कामाला लागणाऱ्यांनी एवढं ध्यानात ठेवावं: वर असताना वाचवलेली दहा मिनिटं खाली आल्यावर महागात पडतात.

काही पंख्यांची पेटी चौकोनी नसून अंड्यासारखी गोल दिसेल. एनरकॉन कंपनीची ८०० किलोवॉटवाली यंत्रं तशी असतात. त्यांत गिअरबॉक्सच नाही. मोठ्या व्यासाचा, भरपूर पोलांचा जनरेटर थेट पात्यांबरोबर सावकाश फिरतो. त्याची वीज आधी डीसी करतात आणि मग पन्नासच्या ठेक्याची एसी. पेटी बघून आत गिअर आहे की नाही हे ओळखता आलं की साईटवरचे लोक तुमच्याशी जरा मानानं बोलतात.

वारा सोडून देणं

आता माझं मत. बघणाऱ्याला वाटतं की हे यंत्र वारा पकडायला उभं केलंय. अर्धं यंत्र पकडायला आहे, उरलेलं अर्धं सोडून द्यायला. पकडणं सोपं, सोडणं अवघड.

घनाचा हिशेब आठवा. ताशी १४ ला दीडशे किलोवॉट, तर ताशी ५८ ला त्याच्या ६४ पट व्हायला पाहिजे. तेवढ्या ताकदीचा जनरेटर वर बसवायचा तर टॉवर झेपणार नाही, आणि तसला वारा वर्षात येतो किती वेळ? म्हणून ताशी चाळीस-पंचेचाळीसच्या आसपास यंत्र पूर्ण क्षमतेला पोचतं आणि तिथून पुढं पाती आपल्या बुंध्यावर थोडी थोडी वळून जादा वारा निसटू देतात. याला 'पिच' म्हणतात. ताशी सत्तर ते नव्वदच्या दरम्यान, यंत्र कुठलं आहे त्यानुसार, ते कामच थांबवतं: पाती पूर्ण वळवून धार वाऱ्याकडं करतं आणि उभं राहतं. म्हणजे वादळात थांबलेला पंखा बंद पडलेला नसतो, शहाणा असतो.

ओळखायचं कसं? पात्याची रुंद बाजू वाऱ्याला दिसत असेल तर ते कामावर आहे. नुसती बारीक कड दिसत असेल तर विश्रांतीवर. वारा मंद असताना काही पंखे कडेनंच रेंगाळत, मिनिटाला एखाद-दुसरा फेरा मारत असतात. वीज शून्य. फिरतोय म्हणजे वीज होतेय असं नाही, हे मार्गशीर्षातल्या मंडळींना उलट बाजूनं सांगावं लागतं.

आता तो डायनामो. ग्रिड अचानक गेली तर? जनरेटरची ओढ एका क्षणात संपते. दिवा विझल्यावर पायडल हलकं व्हावं तसं, पण इथं पायडलवर तीन एकराचा वारा बसलेला. पाती बेफाम सुटतील. म्हणून पाती वळवणाऱ्या यंत्रणेला बॅटरीचा किंवा तसला दुसरा आधार हबमध्येच, म्हणजे तिन्ही पाती जिथं जोडलेली असतात त्या तुंब्यातच, दिलेला असतो. बाहेरची वीज गेली तरी काही सेकंदांत पाती कडेला वळतात.

एकदा सासरे बरोबर होते. चांगला वारा सुटलेला आणि एक पंखा वाऱ्याकडं पाठ करून हळूहळू गोल फिरायला लागला, पेटीसकट. सासऱ्यांनी गाडी थांबवायला लावली. "अहो जावईबापू, हा येडा झाला की ओ!" येडा नव्हता झाला. पेटीतून खाली येणाऱ्या जाड केबली टॉवरच्या पोटात लोंबत असतात. वारा ज्या दिशेनं हिंडेल तसं डोकं वळत जातं आणि केबलींना पीळ बसतो. तीन-चार वेढे झाले की यंत्र स्वतः थांबतं, उलटे फेरे घेऊन पीळ सोडवतं आणि मग कामाला लागतं. सासऱ्यांना समजावलं तर म्हणाले, विहिरीवरच्या दोराचं आम्हीपण असंच करायचो.

तारेमागं जा

शेवटचा टप्पा गाडीवरून करायचा. जनरेटरची वीज बहुतेक यंत्रांत ६९० व्होल्टची असते. २.१ मेगावॉट या दाबावर म्हणजे साडेसतराशे अँपिअर. तेवढा करंट लांब न्यायचा तर मनगटाएवढ्या तांब्याच्या केबलींचा जुडगा घालावा लागेल. बुडाशी जो ट्रान्सफॉर्मर आहे तो दाब ३३ हजार व्होल्ट करतो आणि करंट येतो ३७ अँपिअरवर. आता बोटाएवढी तारही पुरते. खांबांवरच्या त्या तारेमागं जात राहा. शेजारच्या पंख्यांच्या ताराही येऊन मिळताना दिसतील. शेवटी सगळ्या एका सबस्टेशनात जातात, तिथं दाब आणखी चढतो आणि वीज राज्याच्या मोठ्या जाळ्यात शिरते.

इथंच गावकऱ्यांच्या एका रास्त तक्रारीचं उत्तर आहे. "पंखे आमच्या डोंगरावर आणि करंट आमच्याच गावचा जातो, हे कसं?" कारण पंख्यापासून गावाला तार नाहीच. गावाला वीज येते हेस्कॉमच्या, म्हणजे इकडच्या वीज कंपनीच्या, फीडर लाइनवरून, जाळ्यातून फिरून. शिवाय ही यंत्रं ग्रिडचा ठेका ऐकून त्याला आपला ठेका जुळवतात. ग्रिड गेली की वारा कितीही असो, पंखाही थांबतो. एकट्यानं गाव उजळायची रचनाच त्यात नाही. चिडण्यासारखं आहे, कबूल. विशेषतः ज्याच्या बांधाला टॉवर लागलाय त्यानं.

मिळकतीचा अंदाज हवा असेल तर २.१ मेगावॉटचं यंत्र तासभर पूर्ण चाललं की २,१०० युनिट. महिन्याला शंभर युनिट जाळणाऱ्या घराला पावणेदोन वर्षं पुरतील. पण ते वर्षभर पूर्ण चालत नाही. वर्षाच्या ८,७६० तासांची सरासरी पंचवीस टक्के धरली तर ४६ लाख युनिट, आणि त्यातला मोठा वाटा पावसाळ्याच्या चार महिन्यांचा.

सबस्टेशनच्या फाटकाशी पोचलो तेव्हा चार वाजले होते. वीज मोजणारं मीटर आत असतं, फाटकावरून ते दिसत नाही, पण भाच्याला सांगितलं की त्यात दोन आकडे असतात. एक दिलेल्या विजेचा, एक घेतलेल्या विजेचा.

"घेतलेल्या? मशीन वीज खातंय होय?"

खातंय की. वारा नसला तरी वरचा कॉम्प्युटर चालू, डोकं वळवायच्या मोटारी चालू, दमटपणा घालवायचे हीटर चालू, टॉवरच्या माथ्यावरचा लाल दिवा चालू. मार्गशीर्षात भंडारा उधळत लोक वर बघतात ना, तेव्हा दुसराच आकडा सरकत असतो.